रफ वही जमा करा

सेमिस्टर संपत आलं की आमच्या डिपार्टमेंटच्या बाहेर फिल्ड प्रोजेक्टची नोटीस लागते. ए-फोर कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे दीड इंच समास, पहिल्या पानावर कॉलेजचं नाव आणि लोगो, मग प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, अभ्यासपद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ. स्पायरल चालणार नाही, खाडाखोड चालणार नाही, मुदतीनंतर फाईल स्वीकारली जाणार नाही. खाली सही, शिक्का, तारीख. मुलं फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात, मॅडम समास दोन्ही बाजूला सोडायचा का, मॅडम मुखपृष्ठ कलर प्रिंट पाहिजे का, मॅडम किती पानं झाली पाहिजेत. हे प्रश्न त्यांनी विचारलेच पाहिजेत कारण नोटिशीत तेवढंच आहे. गावात जाऊन नेमकं काय करून यायचं, कुणाला विचारायचं, काय मोजायचं, मोजलेलं कुठे लिहायचं, याबद्दल त्या नोटिशीत एक ओळही नसते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते आणि हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आता हा विषय एका डिपार्टमेंटपुरता राहिलेला नाही. नवीन शैक्षणिक धोरण आलं, २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, नवी रचना ठरवून दिली, आणि त्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असे प्रकार बीए, बीकॉम, बीएस्सी सगळ्यांना लागले. पूर्वी बीकॉमच्या पोराचा फिल्डवर्कशी संबंध यायचा तो फक्त पर्यावरणाच्या प्रोजेक्टपुरता, आता त्यालाही श्रेयांक मिळवायचेत. फिल्ड प्रोजेक्टचे साधारण दोन क्रेडिट. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटला साठ तास. साठ तास म्हणजे केवढे असतात याचा विचार करा, रोज दोन तास दिले तरी महिनाभराचं काम आहे. एका विद्यार्थ्याचा महिना. आणि त्या महिन्याचा पुरावा म्हणून आपण काय मागतो, तर दीड इंच समास सोडलेली फाईल.

पर्यावरणाचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगते, कारण आपल्याकडे सक्तीच्या प्रोजेक्टची खरी सुरुवात तिथे आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा करा असं सांगितलं, अंमलबजावणी व्हायला पुढे बरीच वर्षं गेली, मग यूजीसीने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. शंभर मार्कांपैकी पंचाहत्तर लेखी आणि पंचवीस फिल्डवर्कला. त्या फिल्डवर्कमध्ये काय लिहिलं होतं ते आज वाचलं तरी मला बरं वाटतं. जवळच्या नदीला, डोंगराला, माळाला जा आणि नोंदी करा. जवळच्या प्रदूषित जागेला भेट द्या. नेहमी दिसणारी झाडं, किडे, पक्षी यांचा अभ्यास करा. तळं, नदी, डोंगरउतार अशी साधी परिसंस्था बघा. किती सोपं, किती नेमकं सांगितलं होतं, घराबाहेर पडा आणि बघा. आणि प्रत्यक्षात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'ओझोनचा थर' आणि 'जागतिक तापमानवाढ' असे तयार प्रोजेक्ट मिळायला लागले, बाइंडिंगसकट, फक्त नाव आणि रोल नंबर टाकायचा. ओझोनचा थर बघायला कुठला डोंगर चढणार? पण फाईल मात्र नियमात बसते, पानं भरतात, समास बरोबर असतो.

गठ्ठा तपासायला बसलं की हे अगदी जवळून दिसतं. माण तालुक्यातल्या एका गावाचा सर्वेक्षण अहवाल माझ्यासमोर होता, मुखपृष्ठ सुंदर, टायपिंग स्वच्छ, आणि आत 'गावातील प्रमुख पीक भात असून शेतकरी खाचरात लावणी करतात' असं वाक्य. आता आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमधल्या दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. तिथे बाजरी, ज्वारी, आणि पाणी असेल तिथे डाळिंब. भाताची खाचरं कुठून आली? कोकणातल्या कुठल्यातरी गावाचा अहवाल उचलला, गावाचं नाव शोधून बदललं, बाकी तसंच. आणि ते पोरगं स्वतः त्याच गावात राहतं, रोज एसटीने कॉलेजला येताना दोन्ही बाजूला ज्वारीच बघत येतं. त्याला ते माहीत नाही असं नाहीच. आपण जे रोज बघतो ते फाईलमध्ये लिहायचं असतं हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. मला राग आला नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं.

कारण ही सवय कॉलेजात लागत नाही, ती फार आधी लागते. २०१० पासून आपल्या शाळांमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. कल्पना उत्तम होती, मुलाला फक्त पेपरावर जोखू नका, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय बघा. पण घरोघरी काय झालं? पाचवीतल्या मुलाला 'पाण्याचे स्रोत' असा प्रकल्प, मग रात्री नऊ वाजता आई स्टेशनरीच्या दुकानात, चित्रांचा तक्ता आणायचा, नदी-विहीर-धरण कापून चिकटवायचं, कडेने स्केचपेनची नक्षी. मुलगा शेजारी झोपलेला. सकाळी बाई तारांकित शेरा देतात. त्या मुलाच्या घरामागे आड आहे, त्यात किती पाणी आहे हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. आयांना मी दोष देत नाही, त्यांच्या वाट्याला दिवसभराच्या कामानंतर हे येतं, आणि मुलाची फाईल दुसऱ्यांपेक्षा कमी दिसू नये एवढीच त्यांची धडपड असते.

दहावीला येईपर्यंत तर अंतर्गत मूल्यमापनाचे वीस मार्क हे 'मिळतातच' असं सगळे धरून चालतात. राज्य मंडळाने २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत मार्क काढून टाकले तेव्हा काय झालं आठवतं? आदल्या वर्षी निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत आणले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. या चढउताराला इतरही कारणं असतील, अभ्यासक्रम बदलत होता, २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, पण घरी-शाळेत दिलेल्या वीस मार्कांचं वजन केवढं आहे हे त्यातून सगळ्यांना कळलं. दुर्दैवाने त्यावरची चर्चा मार्क असावेत की नसावेत एवढ्यावरच झाली, ते वीस मार्क कशाबद्दल द्यायचे, मुलाने काय केलं म्हणजे द्यायचे, हा प्रश्न तसाच राहिला. तोच प्रश्न तीन वर्षांनी आमच्या दारात येतो, फाईलच्या रूपात.

आता जी गोष्ट सांगायची आहे त्याकडे येते.

तोंडी परीक्षा चालू होती. एका मुलीचा विषय होता गावातली भूजल पातळी. फाईल मी आधी चाळली होती, भूजल म्हणजे काय, जलचक्राची आकृती, भारतातला भूजल वापर, महाराष्ट्रातला भूजल वापर, आणि शेवटी गावातल्या पाच विहिरींचा एक रंगीत बार-चार्ट. छान होती पण वेगळं काही वाटलं नव्हतं. मी सहज विचारलं, पातळी मोजलीस कशी? तिने बॅगेतून एक वही काढली. शंभर पानी, कव्हर फाटलेलं, मधे पाण्याचे डाग. म्हणाली, मॅडम हे रफ आहे, जमा करायचं नव्हतं म्हणून बाहेर काढलं नाही.

ती वही मी आजही विसरू शकत नाही. दोरीला दगड बांधून, फुटाफुटावर गाठी मारून तिने मोजलं होतं. पहिल्या पानावर घरच्या विहिरीचा आकडा, एकतीस फूट. दुसऱ्या पानावर चुलत्यांच्या विहिरीचा. मग तिसऱ्या विहिरीपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलेलं होतं की या विहिरीला कठडा नाही, आणि घरच्या विहिरीला आहे, म्हणजे आपण घरी कठड्याच्या वरून मोजलं आणि इथे जमिनीपासून, दोन्ही आकडे शेजारी मांडून उपयोग नाही. मग तिने परत जाऊन कठड्याची उंची मोजली, अडीच फूट, आधीचा आकडा एका रेघेने खोडला आणि बाजूला लिहिलं 'कठडा वजा'. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं नव्हतं. पुढे एका तारखेसमोर लिहिलेलं, 'मोटर चालू होती, आज मोजलं नाही'. आणि त्याच्या खाली दोन दिवसांनी, 'या आठवड्यात रात्रीची लाईट, सकाळी पाणी खाली गेलेलं असतं, आजोबा म्हणाले संध्याकाळपर्यंत थांब, पाझर येऊ दे'.

ज्यांना या विषयातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटर चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर विहिरीत जी पातळी दिसते ती उपशाची पातळी, जमिनीतल्या पाण्याची खरी पातळी कळायला विहीर भरून स्थिर व्हावी लागते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, आणि त्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते. आणि इथे एक एकोणीस वर्षांची मुलगी शेतीच्या लाईटचं वेळापत्रक बघून, आजोबांना विचारून, आपल्या आपण त्याच नियमाला पोचलेली. भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय पाहिजे असतं!

आणि यातलं एक अक्षरही फाईलमध्ये नव्हतं. कठडा नव्हता, मोटर नव्हती, रात्रीची लाईट नव्हती, आजोबा नव्हते. 'अभ्यासपद्धती' या मथळ्याखाली 'प्राथमिक व दुय्यम साधनसामग्रीचा वापर करण्यात आला आहे' एवढं एक वाक्य, जे त्या वर्षीच्या प्रत्येक फाईलमध्ये होतं. तिने साठ तासांपैकी खरे तास जिथे घातले होते ते आमच्या नोटिशीने बाहेर ठेवायला सांगितलं होतं, खाडाखोड चालणार नाही म्हणून.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय की मार्क द्यायचे तर रफ वहीला द्या. फेअर फाईल असू दे, सुबक लिहायला शिकणं ही पण एक गोष्ट आहे, पण मुलाने काय केलं ते रफमध्ये दिसतं आणि आपण नेमकं तेच फेकून द्यायला लावतो. बघा ना, सर्व्हेइंग करणाऱ्यांच्या फिल्डबुकात काय नियम असतो, चुकलेली नोंद खोडरबरने पुसायची नाही, एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बरोबर आकडा वर लिहायचा. प्रयोगशाळेच्या वहीला तोच नियम, पेनने लिहा, पानं फाडू नका, तारीख टाका. कारण चुकीची नोंद हासुद्धा कामाचा भाग आहे, उद्या कुणी विचारलं की आकडा का बदलला तर उत्तर त्या रेघेखाली सापडतं. आणि आपण पहिलीपासून पोरांच्या डोक्यात बसवतो की खाडाखोड म्हणजे मार्क गेले, मग ती व्हाइटनर घेऊन बसतात, नाहीतर अख्खं पान फाडून परत लिहितात.

आता नियमांचंच बोलतोय तर कॉपीबद्दलही बोलायला पाहिजे. कॉलेजात कॉपी-पेस्टचा विषय निघाला की कुणीतरी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांचा दाखला देतं. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीसला सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, चाळीस ते साठला वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणी रद्द. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पण तेच नियम नीट वाचले तर व्याख्येतच लिहिलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका यांना हे लागू नाही. ते प्रबंधांसाठी, एमए-एमफिल-पीएचडीच्या शोधकामासाठी आणि प्रकाशित लेखनासाठी आहेत. म्हणजे बीएच्या मुलाच्या फाईलचं काय करायचं हे कुठलंही राजपत्र सांगत नाही, ते आपण शिक्षकांनी ठरवायचं आहे. मला ही मोकळीक फार मोलाची वाटते. सॉफ्टवेअरने दिलेल्या टक्केवारीवर बीएच्या पोराला नापास करण्याची गरजच नाही, त्याला समोर बसवून विचारता येतं, बाळा हे वाक्य कुठून घेतलंस, आणि घेतलंस तर घेतल्याचं खाली लिही.

एआयचं तर विचारूच नका. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, आणि वर्षभरात आमच्या मराठी माध्यमाच्या, तालुक्याच्या कॉलेजातसुद्धा 'निष्कर्ष' एकदम गुळगुळीत यायला लागले. यावर पहिला उपाय निघाला तो म्हणजे सगळं हाताने लिहून आणा. मुलं मोबाईल समोर ठेवून हाताने उतरवतात, त्यात त्यांचे चार तास जातात आणि शिकण्यासारखं काही घडत नाही. दुसरा उपाय, एआय ओळखणारं सॉफ्टवेअर. पण ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयनेच आपलं ओळखण्याचं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी आहे म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध अशा साधनांनी मशीनचे ठरवले. साधे शब्द, ठरावीक वाक्यरचना, म्हणून. आमची मुलं इंग्रजी अशीच लिहितात! घाबरत, पाठ केलेल्या वाक्यांच्या आधाराने. त्यांना मशीन ठरवायचं? हे मला अजिबात मान्य नाही.

रफ वही मागितली की या सगळ्यातून बरीच सुटका होते. फेअर फाईलला पाहिजे तर घे एआयची मदत, वाक्य नीट करून घे, पण मदत घेतलीस तर शेवटच्या पानावर तसं लिही, कशासाठी घेतलीस ते लिही. विहिरीपाशी मात्र तुला जावं लागेल. अर्थात रफ वहीसुद्धा खोटी करता येते, मी पाहिली आहे. एकाच पेनने, एका बैठकीत, दोन महिन्यांच्या नोंदी, सगळे आकडे शिस्तीत चढत गेलेले, कुठे शिंतोडा नाही. पण मग समोर बसवून तीन प्रश्न विचारले की कळतं. त्या दिवशी कुणासोबत गेला होतास? कुठली नोंद घ्यायला त्रास झाला? परत करायचं झालं तर काय वेगळं करशील? जो गेलाय तो बोलायला लागतो आणि थांबत नाही, कुत्रं मागं लागलं तेही सांगतो.

माझे सहकारी म्हणतात वेळ कुठे आहे, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. जागा रिकाम्या आहेत, निम्मं काम तासिका तत्त्वावरचे लोक ओढतात, आणि एकेका शिक्षकाकडे शंभर-सव्वाशे फाईली. चाळीस पानांची फाईल नीट वाचायला पंधरा मिनिटं धरली तर सव्वाशे फाईलींना एकतीस तास होतात, म्हणून कुणी वाचत नाही, पानं उलटतात, सही करतात. पण रफ वहीची महत्त्वाची पानं सात-आठ असतात. ती बघायला आणि तीन प्रश्न विचारायला मिळून सात मिनिटं पुरतात, म्हणजे निम्म्याहून कमी वेळ, आणि त्या सात मिनिटांत पोराशी बोलणं होतं हे वेगळंच. दुसरी अडचण नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, सांगतात. नॅकला किती टक्के विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट केले हे दाखवायचं असतं, त्याला पुरावा लागतो, पुरावा म्हटलं की कपाटात ओळीने लावलेल्या बांधीव फाईली. पण बांधीवच असली पाहिजे असं कुठे आहे? फाटक्या वहीचं स्कॅन करून ठेवा की. कमिटीला ती वही मी स्वतः अभिमानाने दाखवीन.

मुदतीबद्दल माझं मत जरा कडक आहे. मुदत पाहिजे, आणि ती पाळली पाहिजे. पण एकच मुदत सेमिस्टरच्या शेवटी ठेवली तर सगळं काम शेवटच्या तीन दिवसांत होणार, कुणीही तेच करेल. आमच्याकडे फेब्रुवारीत ज्वारीची काढणी, मग लग्नसराई, काही पोरं लोणंद-शिरवळच्या कंपन्यांत शिफ्ट करतात, काही भरतीच्या ग्राउंडसाठी पहाटे चारला उठतात. यांना 'मुदतीनंतर स्वीकारली जाणार नाही' असं सांगून उपयोग नाही, त्यांना पहिल्या महिन्यात विषय, दुसऱ्या महिन्यात वहीची पाच पानं, असं टप्प्याने मागितलं पाहिजे. पाच पानं न आणणाऱ्याला त्याच दिवशी बोलावता येतं, त्याची अडचण त्याच दिवशी कळते. शेवटच्या दिवशी कळून काय करणार? आणि उशीर झाला तर किती मार्क कापणार ते आधी सांगा, सगळ्यांना एकच सांगा, ओळखीच्या माणसाचा फोन आला म्हणून बदलू नका.

एका गोष्टीवर मात्र कुणी बोलतच नाही. सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या. मुलं घरोघरी जातात, नाव, जात, उत्पन्न, कर्ज, आजार, मोबाईल नंबर सगळं भरून घेतात आणि भरलेले फॉर्म जसेच्या तसे फाईलला जोडतात, परिशिष्ट म्हणून, पानं वाढतात म्हणूनही. ती फाईल वर्षानुवर्षं उघड्या रॅकवर पडते. पुढच्या वर्षी दुसरा कुणी ती घरी नेतो. ज्या म्हातारीने विश्वासाने सांगितलं की सावकाराचं इतकं देणं आहे, तिचं नावानिशी देणं आमच्या रॅकवर. हा नियम नोटिशीत सगळ्यात वर पाहिजे, कशासाठी विचारतोय ते आधी सांगा, नको म्हणाले तर उठून या, नंबर घेऊ नका, नावाऐवजी कुटुंब एक, कुटुंब दोन असं लिहा. आणि ऋणनिर्देशात प्राचार्य आणि विभागप्रमुखांच्या आधी ज्यांनी तुम्हाला ओसरीवर बसवून चहा दिला आणि तासभर माहिती दिली त्यांचे आभार माना, गावाचे म्हणून माना. इतक्या फाईली वाचल्या पण हे आभार मला क्वचितच दिसले.

प्रमाणपत्राचं पानही असंच. 'सदर प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः पूर्ण केला असून तो समाधानकारक आहे', खाली मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखांची सही, बहिःस्थ परीक्षकांची सही. तीन मोठी माणसं एका वाक्याखाली सही करतात. मुलं ते बघत असतात. त्या वाक्याला आपण किती मान देतो यावरून पुढे बँकेत, ग्रामपंचायतीत, पंचनाम्यावर, कुठेही सही करताना त्यांचा हात किती अडखळेल ते ठरतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून रफ वही पाहिल्याशिवाय मी त्या पानावर सही करत नाही. एक-दोन वेळा यावरून वाद झाला, होऊ दे.

या वर्षी डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मी मार्कांची नवी विभागणी मांडली. पन्नासपैकी वीस रफ वहीला, पंधरा तोंडीला, पंधरा फाईलला. नोटिशीतली खाडाखोडीची ओळ काढली, त्याजागी 'चुकलेली नोंद एका रेघेने खोडावी, पुसू नये' असं टाकलं. गटाने काम करणाऱ्यांना प्रत्येकाची वेगळी वही, एवढंही मान्य झालं. हार्ड बाइंडिंग ठेवायचं की नाही यावर एकमत झालं नाही, ज्येष्ठ सरांचं म्हणणं बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना तेच लागतं, ते आल्यावर त्यांच्यासमोर काय ठेवणार. मी म्हटलं दोन्ही ठेवू, वही वर आणि फाईल खाली. ते अजून हो म्हणालेले नाहीत, सोमवारी परत बसायचं ठरलंय. तुमच्या कॉलेजात यावर काही वेगळं चाललं असेल, कुणी वहीला मार्क देत असेल, तर मार्कांचा तक्ता मला पाठवा, सोमवारच्या आधी मिळाला तर बरोबर घेऊन जाईन.